वीस खाटांचं रुग्णालय आणि उजेडाचा हिशोब

डॉक्टर, तुमचा प्रश्न वाचला. सोबत जोडलेला नकाशाही नीट पाहिला. थोडक्यात परिस्थिती अशी: सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी तुम्ही आणि मॅडम मिळून वीस खाटांचं रुग्णालय बांधताय, सर्जरी आणि प्रसूती दोन्हींसाठी. प्लॉट पंचेचाळीस बाय नव्वद फूट, रस्ता पश्चिमेला, दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या इमारती, बांधकाम तळमजला अधिक दोन मजले. आर्किटेक्टनी रस्त्याच्या बाजूला वरपासून खालपर्यंत निळी काच दाखवली आहे, वॉर्ड आणि स्पेशल रूम त्या काचेमागे आहेत आणि सगळीकडे एसी आणि एलईडी पॅनेल आहेत. नैसर्गिक उजेडाने रुग्ण लवकर बरे होतात असं तुम्ही एका परिषदेत ऐकलंत. त्यात तथ्य किती, असलंच तर एवढ्याशा प्लॉटवर ते जमेल का, आणि धूळ, ऊन, लाइटबिल यांचं काय, असं तुम्ही विचारलंय.

मी लहान आणि मध्यम रुग्णालयांचेच नकाशे करतो, बहुतेक तालुक्याच्या गावांतले, त्यामुळे तुमची अडचण ओळखीची आहे. तुम्ही प्रश्न "काच की भिंत" असा मांडलाय. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे: कोणत्या खाटेवर, दिवसाच्या कोणत्या वेळी, कोणत्या दिशेचा उजेड येणार? तुमच्या नकाशात काच भरपूर आहे, पण वापरता येईल असा उजेड फार थोडा आहे. पश्चिमेच्या काचेमागे दुपारी दोननंतर पडदे ओढावेच लागतात, आणि एकदा ओढलेला पडदा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीही कोणी उघडत नाही. अशाच एका रुग्णालयात मी नातेवाइकांनी काचेला आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली पाहिली आहेत. रस्त्यावरून इमारत चकचकीत दिसत होती आणि आत भर दुपारी ट्यूब जळत होत्या.

आधी पुराव्याचं बघू. सर्जन म्हणून तुम्हाला तो आधी हवा असणार. सगळीकडे ज्याचा दाखला दिला जातो तो अभ्यास रॉजर उलरिक यांचा, 1984 साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात 1972 ते 1981 या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. वय, लिंग वगैरे जुळवून तेवीस जोड्या केल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसायची, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण सरासरी 7.96 दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे 8.70 दिवसांत. पहिल्या गटाला तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. पण लक्षात घ्या, हा अभ्यास दृश्याचा आहे, उजेडाचा नव्हे. खिडकी दोन्हीकडे होती. परिषदांमध्ये हा फरक सर्रास पुसला जातो.

थेट उजेडाचा अभ्यास हवा असेल तर पिट्सबर्गचा बघा. तो 2005 साली प्रसिद्ध झाला. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर 89 रुग्णांपैकी काही इमारतीच्या उजळ बाजूला होते, काही अंधाऱ्या बाजूला. उजळ बाजूच्यांना 46 टक्के अधिक तीव्र सूर्यप्रकाश मिळाला आणि दर तासाला लागणारी वेदनाशामकं 22 टक्क्यांनी कमी झाली. मिलानमध्ये 2001 साली बायपोलर नैराश्याच्या रुग्णांचा अभ्यास झाला. पूर्वेच्या खोल्यांत सकाळचं ऊन मिळणारे रुग्ण पश्चिमेच्या खोल्यांतल्यांपेक्षा सरासरी साडेतीन दिवसांहून थोडं अधिक आधी घरी गेले. तुमच्या प्लॉटसाठी हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, त्यावर पुढे येतो.

आता उलट बाजू. आयसीयूमध्ये उजेडाने डिलिरियम (रुग्णाला अचानक भ्रम होणं, भान सुटणं) कमी होतं का, याचं उत्तर एकसारखं नाही. 1972 सालच्या एका अमेरिकी अभ्यासात खिडकी नसलेल्या आयसीयूत 40 टक्के शस्त्रक्रियेच्या रुग्णांना डिलिरियम झालं, खिडकी असलेल्यात 18 टक्के. पण 2016 मध्ये नेदरलँड्समध्ये सातशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीत, दिवसभर बदलणारा तेजस्वी कृत्रिम उजेड देऊनही डिलिरियम घटलं नाही. म्हणून मी क्लायंटला कधीच सांगत नाही की खिडकी लावा, तुमचे रुग्ण अमुक दिवस आधी घरी जातील. मी म्हणतो, वेदना, झोप, मनःस्थिती आणि कर्मचाऱ्यांचा थकवा या चार गोष्टींवर उजेडाचा परिणाम होतो असं मानायला पुरेसा आधार आहे, आणि नकाशा कागदावर असताना तो उजेड मिळवायला फारसा खर्च येत नाही.

यामागचं शरीरशास्त्र तुम्हाला ठाऊकच आहे, तरी इमारतीच्या अंगाने सांगतो. डोळ्याच्या पडद्यात, बघण्याच्या पेशींखेरीज, मेलॅनॉप्सिन हे उजेड टिपणारं द्रव्य असलेल्या काही पेशी असतात. 2002 च्या सुमारास त्यांचं काम स्पष्ट झालं. सकाळ झाली की रात्र, हे मेंदूतल्या घड्याळाला त्या कळवतात, आणि निळसर, साधारण 480 नॅनोमीटरच्या उजेडाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. ढगाळ दिवशीही बाहेर दहा हजार लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचं एकक) घरात उजेड असतो, कडक उन्हात लाखभर. आपल्या वॉर्डात ट्यूबखाली दीडशे लक्स असला तरी लख्ख वाटतं, कारण डोळा जुळवून घेतो. मेंदूतलं घड्याळ मात्र तसं जुळवून घेत नाही. वॉर्डात दिवसभर संध्याकाळ असते, आणि रात्री दोन वाजता सलाइन बदलायला सिस्टर सगळ्या ट्यूब लावते तेव्हा सकाळ होते. संशोधकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने 2022 मध्ये शिफारस केली की, या पेशींच्या मापाने मोजलेला उजेड डोळ्यापाशी दिवसा किमान 250 लक्स असावा, झोपेआधीचे तीन तास 10 च्या आत आणि झोपेत 1 च्या आत. म्हणजे दिवस उजळ आणि रात्र काळोखी, दोन्ही सांभाळायचं. खिडक्यांवर लाखो खर्चून रात्रीचे दिवे जसेच्या तसे ठेवले तर अर्धं काम वाया जातं.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. क्षयावर औषध नव्हतं तेव्हा हवा आणि ऊन हाच उपचार होता. पाचगणीचं बेल-एअर हे क्षयरुग्णालय 1912 साली त्याच विचाराने उभं राहिलं. त्याआधी 1903 मध्ये नील्स फिन्सन यांना त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी नोबेल मिळालं होतं. ब्रिटिशकालीन सिव्हिल हॉस्पिटलं आठवा: उंच छत, दोन्ही बाजूंना खिडक्या, बाहेर रुंद वऱ्हांडा. पुढे प्रतिजैविकं आली, एसी आला, जमिनीचे भाव वाढले आणि इमारती जाड होत गेल्या. खरी अडचण या जाडीतच आहे.

तुमच्या प्लॉटकडे वळू. राष्ट्रीय बांधकाम संहितेचा साधा नियम असा की उघड्यावर येणाऱ्या खिडकीपासून साडेसात मीटरपलीकडचा खोलीचा भाग उजेडाचा धरायचा नाही. साडेसात मीटर म्हणजे जेमतेम पंचवीस फूट. पुढचं-मागचं मार्जिन (नियमाने मोकळी ठेवायची जागा) सोडून तुमची इमारत पूर्व-पश्चिम पासष्ट-सत्तर फूट लांब राहील. पूर्वेकडून पंचवीस, पश्चिमेकडून पंचवीस, आणि मधले पंधरा-वीस फूट दिवसाही अंधारात. उत्तर-दक्षिणेच्या मार्जिनमधून उजेड येईल असं तुमच्या आर्किटेक्टनी धरलंय. पण दक्षिणेचा शेजारी सध्या एकमजली आहे, तो उद्या तीन मजले चढवेल. शेजारच्या रिकाम्या जागेवरचा उजेड आपला नसतो. हिशोब आपल्या प्लॉटवर पडणाऱ्या उजेडाचाच करायचा.

म्हणून मी नकाशा उलटा करायला सांगेन. आपल्याकडे सवय अशी की रस्त्याकडे स्पेशल रूम, आणि मागे जनरेटर, ऑक्सिजनचे सिलिंडर, संडास, धुणं. तुमच्या प्लॉटवर मागची बाजू पूर्व आहे, म्हणजे संपूर्ण जागेतली सर्वांत मोलाची बाजू तुम्ही सिलिंडरना दिली आहे. वॉर्ड आणि रूम पूर्वेला घ्या. सकाळी सात ते नऊचं कोवळं ऊन रुग्णाला सोसतं, ते घड्याळाला जाग आणतं, आणि दुपारी बाहेर बेचाळीस अंश असताना ती बाजू सावलीत असते. मिलानचा अभ्यास अगदी याच फरकाचा होता. शिवाय मागे हॉर्न नाही, एसटीचा धूर नाही.

पश्चिमेला काय ठेवायचं? जिना, लिफ्ट, संडास, मेडिकलचं दुकान, रेकॉर्ड रूम, बिलिंग. जिथे माणूस दहा-वीस मिनिटं थांबतो किंवा जिथे खिडकीची गरजच नाही अशा सगळ्या गोष्टी. या खोल्या दुपारची उष्णता अडवणारी जाड भिंत होतात. ओपीडीची बसण्याची जागा पश्चिमेलाच लागणार, तर तिच्यापुढे आठ-दहा फुटांचा वऱ्हांडा द्या. काचेपेक्षा तो स्वस्त पडेल आणि गावाकडून आलेला माणूस चप्पल काढून, डबा सोडून तिथे निवांत बसेल.

पश्चिमेला छज्जा चालणार नाही का, असं तुम्ही विचाराल. हिशोब करून बघा. एप्रिलमध्ये संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून साधारण 25 अंशांवर असतो. चार फूट उंच खिडकी पूर्ण सावलीत ठेवायची तर छज्जा आठ फुटांहून लांब हवा. तो कोणी बांधत नाही. पश्चिमेला उभे पट्टे, जाळीची भिंत किंवा झाड यांचाच उपयोग होतो. दक्षिणेचं गणित फार सोपं आहे. सोलापूरच्या अक्षांशावर 21 डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य 49 अंशांवर असतो, 21 मार्चला 72 अंशांवर. दोन फुटांचा छज्जा मार्चमध्ये सहा फूट सावली देतो, म्हणजे चार फुटांची खिडकी पूर्ण झाकली जाते. तोच छज्जा डिसेंबरमध्ये सव्वादोन फूट सावली देतो, म्हणजे खिडकीच्या खालच्या भागातून हिवाळ्याचं ऊन आत येतं. एकाच छज्ज्याने उन्हाळ्याची सावली आणि थंडीतली ऊब दोन्ही मिळतात. उत्तरेचं ऊन अनेक जण विसरतात. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे मध्यान्ही सूर्य नेमका डोक्यावर असण्याचा दिवस, मेच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. तेव्हापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. त्यामुळे उत्तरेच्या खिडकीलाही दीड फुटांचा छज्जा द्या. पावसाची झड थांबते, हा फायदा वेगळाच.

मधल्या अंधाऱ्या पट्ट्यासाठी चौक. वाड्यात होता तसाच, फक्त लहान: बारा बाय पंधरा फूट. प्रत्येक मजल्यावर 180 चौरस फूट जागा जाईल आणि तुम्हाला ती खटकेल, हे मला माहीत आहे. पण त्या चौकाभोवती नर्सिंग स्टेशन, पॅसेज, डॉक्टरांची खोली आणि लेबर रूमबाहेरची बसायची जागा येते, आणि या सगळ्यांना दिवसा दिवा लागत नाही. चौकाच्या भिंती आतून पांढऱ्या ठेवा. मरून टेक्स्चर किंवा दगडी टाइल लावली तर खालच्या मजल्यापर्यंत उजेड पोचत नाही. तीन मजल्यांच्या चौकाच्या तळाशी उजेड मंदच असतो, म्हणून खाली खाट ठेवू नका, नोंदणीचा टेबल ठेवा. वरून पारव्यांसाठी जाळी आणि पावसासाठी उचललेलं छप्पर, पण चारी बाजूंनी हवा खेळती. आणि चौक ही धुराची वाटही होऊ शकते, त्यामुळे फायर एनओसीच्या आधी त्या अधिकाऱ्याला नकाशा दाखवून चौकाकडच्या दारांचं बोलून घ्या. हे काम शेवटावर ढकलू नका.

खिडकीची मापं ठरवताना मी नेहमी उशीवरून सुरुवात करतो. रुग्णाचं डोकं जमिनीपासून अडीच फुटांवर असतं. आपल्याकडे सिल, म्हणजे खिडकीची खालची कड, साडेतीन फुटांवर घेतात, कारण मिस्त्रीला तीच सवय. झोपलेल्या माणसाला मग फक्त आभाळाचा एक तुकडा दिसतो, तोही डोळे दिपवणारा. सिल दोन ते सव्वादोन फुटांवर आणा. त्याला मागच्या अंगणातलं झाड, येणारी-जाणारी माणसं, पाऊस दिसू दे. मागे दोन कडुलिंब किंवा बहावा लावायला जागा ठेवा. उलरिक यांच्या अभ्यासातला फायदा त्या दोन झाडांतून मिळणार आहे. ग्रिल हवंच, पण त्यातला एक भाग आतून उघडणारा ठेवा. दुसऱ्या मजल्यावर तावदान चार इंचांहून जास्त उघडणार नाही असा अटकाव लावा, कारण गोंधळलेला रुग्ण खिडकीपाशी जाऊ शकतो. वरची झडप मात्र पूर्ण उघडू दे. गरम हवा तिथूनच निघते.

खाटेची दिशा हा आणखी एक दुर्लक्षित मुद्दा. खाट खिडकीच्या भिंतीला समांतर लावा, म्हणजे खिडकी कुशीला येते. पाय खिडकीकडे करून झोपवलं तर रुग्णाला दिवसभर उजळ आभाळाकडे बघत राहावं लागतं, आणि तोच पडदा ओढायला सांगतो. वयस्कर रुग्णांना, मोतीबिंदू असलेल्यांना, ही तिरीप जास्त त्रास देते, आणि गंमत म्हणजे वाचायला, औषधाच्या गोळ्या ओळखायला उजेड त्यांनाच जास्त लागतो. दोन्ही साधायचं तर उजेड बाजूने यायला हवा. पडदे दोन थरांचे द्या, एक पातळ पांढरा आणि एक जाड; जाड पडदा सकाळी उघडणं हे सकाळच्या पाळीच्या कामांच्या यादीत लिहून ठेवा. हे लिहिल्याशिवाय होत नाही.

काच किती लागेल? तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा खूप कमी. कोरड्या उष्ण हवामानासाठी संहिता जमिनीच्या एक-दशांश उघडी जागा मागते, दमट उष्ण भागासाठी एक-षष्ठांश. तुमची स्पेशल रूम दहा बाय चौदाची, म्हणजे 140 चौरस फूट. किमान 14 चौरस फूट पुरे. मी पाच बाय चारची, वीस चौरस फुटांची खिडकी देतो आणि तेवढ्यात काम होतं. अख्खी भिंत काचेची करून तुम्ही उजेड दुप्पट करत नाही, एसीचा टनेज वाढवता.

आणि निळी किंवा हिरवी काच मुळीच नको. यावर मी ठाम आहे, आणि कारण उष्णतेचं नाही. मॅडमना विचारा, बाळ पिवळं दिसतंय का हे बघायला सिस्टर त्याला कुठे नेते? खिडकीशी. नखांचा निळेपणा, डोळ्यांतली कावीळ, हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईच्या खालच्या पापणीचा फिकेपणा, हे सगळं आपण दिवसाच्या उजेडात पारखतो. रंगीत काचेतून आलेला उजेड त्या प्रत्येक रंगात ढवळाढवळ करतो. काच पारदर्शक आणि रंगहीन ठेवा, उष्णता बाहेरच्या सावलीने अडवा. खर्च झेपत असेल तर पश्चिमेच्या मोजक्या खिडक्यांना उष्णता परतवणारा पातळ थर असलेली रंगहीन दुहेरी काच घ्या. तपासणीच्या जागी एलईडी घेताना रंगदर्शकांक (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप) 90 च्या वरचा मागा. दुकानदार 80 चा देतो, आणि तो लाल रंग फिका दाखवतो.

बाळांचा विषय निघालाच आहे तर एक गैरसमज इथेच दूर करतो. कोवळ्या उन्हात बाळाला धरलं की कावीळ उतरते, असं घरोघरी म्हणतात. त्यामागे खरंच विज्ञान आहे. इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात 1956 च्या सुमारास वॉर्ड नावाच्या सिस्टरच्या लक्षात आलं की उन्हात ठेवलेल्या बाळाचा उघडा भाग कमी पिवळा दिसतो. त्यावरून 1958 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लेख आला आणि फोटोथेरपी, म्हणजे दिव्याच्या उजेडाने कावीळ उतरवण्याची पद्धत, जन्माला आली. पण आज तुमच्याकडे फोटोथेरपी युनिट असताना खिडकीच्या उन्हावर उपचार म्हणून विसंबू नका. त्यात मात्रा मोजता येत नाही, बाळ तापतं, शरीरातलं पाणी कमी होतं. नवजात कक्षात खाटेवर थेट ऊन येऊ देऊ नका, बाहेरच्या खिडकीपासून पाळणा किमान दोन फूट दूर ठेवा, आणि उजेड 10 ते 600 लक्सच्या दरम्यान कमी-जास्त करता येईल असे दिवे द्या. व्हिटॅमिन डीचंही तसंच. काचेमागच्या उन्हाने ते तयार होत नाही, कारण त्यासाठी लागणारे अतिनील किरण काच अडवते. बाळंतिणींना आणि हाडांच्या रुग्णांना ऊन द्यायचं असेल तर पूर्वेला, जाळी लावलेली, व्हीलचेअर जाईल एवढी छोटी गच्ची काढा. दुसऱ्या मजल्यावर ती सहज बसेल.

ऑपरेशन थिएटरबद्दल मी आग्रह धरत नाही. टेबलावरचा दिवा चाळीस हजार लक्सच्या वर उजेड देतो, तिथे खिडकीचं काम नाही. पण दिवसभर आत उभं राहणाऱ्या भूलतज्ज्ञाला आणि सिस्टरना वेळ कळावी म्हणून वर, न उघडणारी, उत्तरेची एक आडवी पट्टी मी देतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी तिला अंधार करणारा पडदा. तुम्ही लॅपरोस्कोपी जास्त करत असाल तर ती पट्टी थिएटरऐवजी स्क्रबच्या, म्हणजे शस्त्रक्रियेआधी हात धुण्याच्या, जागेला द्या. लेबर रूममध्ये उंचावर खिडकी हवी. तिथे एकांत आधी, उजेड नंतर. चार खाटांच्या आयसीयूत मात्र पुरावा संमिश्र असूनही मी प्रत्येक खाटेला खिडकी देतो. शुद्धीवर येणाऱ्या माणसाला दिवस आहे की रात्र, हे कोणाला न विचारता कळलं पाहिजे.

कर्मचाऱ्यांकडे नकाशात कोणाचंच लक्ष नसतं. तुर्कस्तानात अंताल्याच्या विद्यापीठ रुग्णालयात 141 सिस्टरांचा अभ्यास झाला; दिवसाला तीन तास तरी नैसर्गिक उजेडात असणाऱ्यांना ताण कमी होता, कामाचं समाधान जास्त होतं. तुमच्या नकाशात नर्सिंग स्टेशन जिन्यामागे कोंबलंय. रुग्ण पाच दिवसांनी घरी जातो, सिस्टर तिथेच वर्षं काढते, आणि चांगली सिस्टर तालुक्याच्या गावात टिकवणं किती कठीण आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. स्टेशन चौकाला लागून आणा. औषध मोजायच्या टेबलावर दिवसाचा उजेड पडला तर लेबल वाचायच्या चुकाही टळतात.

धुळीची भीती खरी आहे. तुमच्याकडे एप्रिल-मेमध्ये वावटळी उठतात, त्या दोन महिन्यांत खिडक्या दुपारी बंदच राहतील, आणि त्यात काही बिघडत नाही. बंद काचेतूनही उजेड येतो. सरकत्या खिडक्यांऐवजी बिजागरीच्या, रबरपट्टी असलेल्या घ्या, त्या घट्ट बसतात आणि उघडल्या तर पूर्ण उघडतात. सरकती कायम अर्धीच उघडते, आणि तिच्या खाचेतली माती निघता निघत नाही. जंतुसंसर्गाचा मुद्दा असा: ओरेगॉनमध्ये 2018 साली खोल्यांच्या छोट्या प्रतिकृतींमध्ये प्रयोग झाला. अंधारातल्या धुळीत 12 टक्के जिवाणू जिवंत राहिले, काचेतून आलेल्या दिवसाच्या उजेडातल्या धुळीत 6.8 टक्के. म्हणजे उजेड मदत करतो, फिनाइलचं काम करत नाही. क्षयासाठी तर हवा जास्त महत्त्वाची. पेरूमध्ये लिमाच्या रुग्णालयांत मोजलं तेव्हा मोठ्या खिडक्या आणि उंच छताच्या जुन्या वॉर्डांत तासाला 40 वेळा हवा बदलत होती, नव्या इमारतींत 17 वेळा, आणि यंत्राने हवा ओढणाऱ्या खोल्यांत 12 वेळा. उघडणारी खिडकी दोन्ही कामं करते. तिचं तिसरं काम आगीच्या वेळी कळतं. कोलकात्यात ढाकुरियाच्या रुग्णालयाला डिसेंबर 2011 मध्ये आग लागली तेव्हा बंद काचेच्या इमारतीत धूर कोंडला, बाहेरून काचा फोडाव्या लागल्या, आणि नव्वदच्या आसपास माणसं गेली, बहुतेक धुराने गुदमरून. पूर्ण सीलबंद दर्शनी भागाला मी तेव्हापासून नकारच देतो.

रात्रीसाठी खर्च नगण्य आहे, फक्त वायरिंग आधी ठरवावी लागते. वॉर्डातल्या दिव्यांची तीन वेगळी बटणं करा: छताचे दिवे, प्रत्येक खाटेचा स्वतंत्र दिवा, आणि जमिनीपासून फूटभर वर पिवळसर मंद दिवे. सिस्टरने रात्री एका खाटेचाच दिवा लावावा, बाकीच्यांना जाग येऊ नये. पॅसेजच्या ट्यूबचा उजेड दारावरच्या काचेतून थेट उशीवर पडतो का, हे काम सुरू असतानाच एका रात्री जाऊन तपासा.

पैशांचं म्हणाल तर पश्चिमेची काच काढून साधी भिंत, छज्जे आणि वऱ्हांडा केला की खर्च बहुधा खालीच येतो, आणि वाचलेल्या रकमेत दुहेरी काच, चांगले दिवे आणि चौकाचं छप्पर बसतं. चौकामुळे गेलेली जागा हा मात्र खरा तोटा आहे, तो मी लपवत नाही. वीस खाटा हव्यातच असतील आणि चौक बसत नसेल, तर अठरा खाटा आणि चौक असा पर्याय एकदा आकडे मांडून बघा. नाहीच जमलं तर जिन्यावर वरून उजेड घ्या आणि मधल्या पट्ट्यात फक्त स्टोअर, लिनन, एक्स-रे ठेवा. एक्स-रेला खिडकीची गरज नसते. माझं बरंच म्हणणं तुमच्या गावचे मार्जिनचे नियम, शेजाऱ्याची उंची आणि मागच्या जागेची मालकी यांवर अवलंबून आहे, आणि त्या गोष्टी मला नकाशात दिसत नाहीत.

आर्किटेक्ट बदलण्याची गरज नाही. त्यांच्याकडून तीन गोष्टी मागा. प्रत्येक मजल्याच्या नकाशावर खाटा प्रत्यक्ष मापाने काढलेल्या असाव्यात. 21 मार्च, 21 जून आणि 21 डिसेंबरला सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता ऊन कुठे पडतं, ते दाखवणारा इमारतीचा छेद (उभी कापून दाखवलेली आकृती) असावा. आणि दक्षिणेचा शेजारी तीन मजली झालाय असं धरून तोच छेद पुन्हा काढलेला असावा. हे त्यांना संगणकावर एका दिवसात करता येतं. जोता झाला की भिंती चढण्याआधी पूर्वेच्या बाजूला एक खरी खाट नेऊन ठेवा, मॅडमना तिच्यावर झोपायला सांगा, आणि सिलची उंची मिस्त्रीसमोर तिथेच ठरवा.